साखरेतून पेशीला ऊर्जा मिळते ती कशी? इलेक्ट्रॉनचा माग काढत दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साखर जाळली की उष्णता मिळते हे कळतं. पण पेशीत ज्योत नसते, मग तिथे साखरेतून ऊर्जा निघते कशी? ती एटीपीत, म्हणजे पेशी ऊर्जेच्या देवघेवीसाठी वापरते त्या रेणूत, साठते म्हणजे नक्की काय होतं? ऑक्सिजन नेमका कोणत्या पायरीला लागतो? एका ग्लुकोजपासून एटीपी किती मिळतात? एका पुस्तकात ३८ छापलेत, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात ३० ते ३२. आणि शेवटचं, थकल्यावर साखर खाल्ली तर पेशींना जास्त ऊर्जा मिळते का?

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचं कामही बघते. हे प्रश्न विद्यार्थी सुटे सुटे विचारतात आणि सुटी सुटी उत्तरं पाठ करतात. परीक्षा झाली की महिन्याभरात सगळं पुसलं जातं. माझा आग्रह असतो की कार्बनच्या सांगाड्यांची लांबलचक नावं जरा बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रॉन कुठून निघतात, कुणाच्या हाती जातात आणि शेवटी कुठे पोचतात एवढंच बघा. तो माग सुटला नाही तर पाचही उत्तरं एकाच वाटेवर सापडतात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ग्लुकोजच्या बंधांमध्ये ऊर्जा कोंडलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते’ असं शाळेपासून कानावर पडत आलेलं असतं. खरं तर कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. ऊर्जा बाहेर पडते ती नवे, जास्त भक्कम बंध जुळतात तेव्हा. ऑक्सिजनच्या रेणूतल्या दोन अणूंमधला बंध त्यामानाने कच्चा असतो, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यातले बंध फार पक्के असतात. म्हणून ऊर्जा एकट्या साखरेत आहे असं म्हणणं बरोबर नाही. ती साखर आणि ऑक्सिजन या जोडीत आहे. साखरेतले इलेक्ट्रॉन कार्बन आणि हायड्रोजन यांच्यात जवळजवळ समान वाटलेले असतात. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनची ओढ जबरदस्त. ते त्याच्याकडे गेले की फार खालच्या ऊर्जेच्या पातळीवर येतात, आणि या उतरण्यातून जे सुटतं तीच आपली ऊर्जा. एक मोल ग्लुकोजचं, म्हणजे १८० ग्रॅमचं, पूर्ण ऑक्सिडीकरण झालं तर सुमारे २८७० किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते.

ज्योतीत हे सगळं एका दमात होतं आणि ऊर्जा उष्णता म्हणून उधळली जाते. पेशीला त्या उष्णतेचा कामासाठी उपयोग नाही. उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर एक बाजू गरम आणि दुसरी थंड असावी लागते, आणि पेशीत सगळीकडे तापमान सारखंच असतं. म्हणून इलेक्ट्रॉनना पायरीपायरीने उतरवायचं आणि प्रत्येक पायरीला सुटणारी ऊर्जा तिथल्या तिथे दुसऱ्या रासायनिक कामाला जुंपायची, हा एकच मार्ग उरतो.

आता एटीपी. त्याच्या शेवटच्या फॉस्फेटचा बंध ‘उच्च ऊर्जेचा’ असतो अशी बोली १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी रूढ केली. ती सोयीची आहे, पण नव्या वाचकाला ती हमखास चकवते. एटीपीचं पाण्याशी विघटन झालं की प्रमाणित परिस्थितीत मोलला ३०.५ किलोज्यूल सुटतात. जिवंत पेशीत मात्र हाच आकडा ५० च्या आसपास जातो. रेणू तोच, बंध तोच. मग वाढीव ऊर्जा आली कुठून? पेशी एटीपीचं प्रमाण एडीपी (शेवटचा फॉस्फेट तुटल्यावर उरलेला रेणू) आणि फॉस्फेट यांच्या तुलनेत प्रचंड चढं ठेवते. ही क्रिया आपल्या आपण समतोलाला पोचली असती तर जे प्रमाण राहिलं असतं, त्याच्यापासून पेशी कोट्यवधी पटींनी दूर उभी असते. ऊर्जा या अंतरात आहे. समतोलाला पोचलेल्या द्रावणात एटीपी कितीही ओता, त्याच्याकडून काडीचंही काम होणार नाही.

तेव्हा ‘साठवण’ हा शब्दही जपूनच वापरावा. एक हिशेब करून बघा. स्वस्थ पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. दिवसाचे झाले ३६० लिटर, म्हणजे सुमारे १६ मोल. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ढोबळमानाने ५ एटीपी धरले तर दिवसाला ८० मोल एटीपी तयार होतात. एटीपीचा रेणुभार ५०७, म्हणजे वजन भरलं ४० किलो! आणि हे नुसतं पडून राहिल्यावर. शरीरात कोणत्याही क्षणी प्रत्यक्ष असलेलं एटीपी मात्र साधारण शंभरेक ग्रॅम. म्हणजे तोच रेणू दिवसातून काही शे वेळा तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. हा साठा नव्हे, ही अखंड उलाढाल आहे. ती थांबली तर मेंदूसारख्या अवयवाला तग धरायला फार थोडा वेळ मिळतो.

आता ग्लुकोजबरोबर पेशीत शिरू. आत आल्याआल्या हेक्झोकायनेज हा एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, एटीपीतला एक फॉस्फेट त्याला चिकटवतो. त्यावर ऋणभार येतो आणि ते पडद्यातून परत बाहेर जाऊ शकत नाही. पुढे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हा दुसरा एन्झाइम तसाच आणखी एक फॉस्फेट लावतो. दोन एटीपी खर्च झाले, मिळकत अजून शून्य. मग सहा कार्बनचा रेणू तीन-तीन कार्बनच्या दोन भागांत तुटतो. इथपर्यंत एकाही इलेक्ट्रॉनने जागा सोडलेली नाही, म्हणून ऊर्जाही हाती आलेली नाही.

यानंतरची पायरी मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते. तीन कार्बनच्या या तुकड्याच्या टोकाला अल्डिहाइड गट असतो. त्याचं आम्लात रूपांतर होताना दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि एनएडी हा वाहक ते उचलतो. त्याचा एनएडीएच होतो. नुसतं एवढंच झालं असतं तर सुटलेली ऊर्जा उष्णता होऊन गेली असती. पण एन्झाइमच्या खाचेत गंधकाचा एक अणू तो कार्बन धरून बसलेला असतो, आणि तयार होणारं आम्ल सुटं व्हायच्या आत पेशीद्रवातला साधा, कुठल्याही एटीपीतून न आलेला फॉस्फेट येऊन त्याला चिकटतो. ऑक्सिडीकरणातून सुटलेली ऊर्जा अशी त्या फॉस्फेटच्या जोडणीत पकडली जाते. पुढच्याच पायरीला तो फॉस्फेट एडीपीवर चढतो आणि एटीपी तयार. इलेक्ट्रॉनचं उतरणं आणि एटीपीचं घडणं यांची गाठ कशी मारली जाते, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

फॉस्फेटचं हे महत्त्व कळायला आधी पेशीबाहेर किण्वन, म्हणजे यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं ती क्रिया, घडवता यावं लागलं. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्याचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली आणि रसाला बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना किण्वन चाललं होतं. पुढे १९०५-०६ च्या सुमारास आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना दिसलं की रसाचा जोर ओसरल्यावर त्यात फॉस्फेट घातलं की तो पुन्हा उसळतो. त्याशिवाय उकळूनही नष्ट न होणारा एक छोटा घटकही लागतो असं त्यांना आढळलं. तो मुख्यतः एनएडी होता, हे नंतर स्पष्ट झालं. एटीपीचा शोध १९२९ चा. कार्ल लोमान यांनी, आणि स्वतंत्रपणे सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी लावलेला.

दहा पायऱ्यांच्या या साखळीला ग्लायकोलायसिस म्हणतात. शेवटी ग्लुकोजपासून पायरुवेटचे दोन रेणू उरतात. चार एटीपी मिळाले, दोन खर्चले, निव्वळ दोन. शिवाय एनएडीएचचे दोन रेणू. ऑक्सिजनचं नावही कुठे आलेलं नाही.

ही साखळी किती चिवट असते ते प्रयोगशाळेत रोज दिसतं. रक्त काढून साध्या नळीत ठेवलं तर त्यातल्या पेशी मेलेल्या नसतात; त्या ग्लुकोज खातच राहतात. खोलीच्या तापमानाला नमुन्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या रुग्णात तर त्याहून वेगाने. म्हणून साखर तपासायचं रक्त फ्लोराइड घातलेल्या, राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. फ्लोराइड ग्लायकोलायसिसमधल्या इनोलेज या एन्झाइमला रोखतं. पण इनोलेज हा नववा. आधीचे आठ मोकळेच असतात. नमुना घेतल्यावर पहिला तास-दोन तास हेक्झोकायनेज हाताशी असलेलं एटीपी वापरून ग्लुकोज पकडतच राहतो आणि साखर उतरत जाते. पुढच्या पायऱ्या बंद पडल्यामुळे एटीपीची भरपाई होत नाही, होतं ते संपतं, आणि मग कुठे हेक्झोकायनेज हात टेकतो. त्यानंतर मात्र आकडा टिकून राहतो. म्हणून फ्लोराइडच्या नळीतलं रक्त निवांत ठेवलं तरी चालतं असं समजणाऱ्यांना मी दरवेळी टोकते. नमुना बर्फात ठेवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींविना रक्ताचा द्रवभाग, लवकर वेगळा करा, नाहीतर सायट्रेटने आम्लता वाढवलेली नळी वापरा. त्या आम्लतेत सुरुवातीचे एन्झाइम लगेच थंडावतात. मधुमेहाच्या सीमेवरच्या माणसाचं निदान या तासाभरात इकडचं तिकडे होऊ शकतं.

पुन्हा मागावर येऊ. दोन एनएडीएच इलेक्ट्रॉन घेऊन उभे आहेत. पेशीत एनएडीचा एकूण साठा तुटपुंजा असतो. सगळा एनएडी भरला की अल्डिहाइडची ती पायरी अडते आणि तिच्याबरोबर अख्खी साखळी. इलेक्ट्रॉन कुठेतरी उतरवलेच पाहिजेत. ऑक्सिजनची वाट उपलब्ध नसेल तर पेशी ते पायरुवेटवरच टाकते. त्याचं लॅक्टेट होतं. यीस्ट आधी पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरलेल्या अॅसिटाल्डिहाइडवर इलेक्ट्रॉन टाकून अल्कोहोल बनवतं. या शेवटच्या पायऱ्यांतून एकही एटीपी मिळत नाही. त्या केवळ एनएडी मोकळा करण्यासाठी असतात. विद्यार्थी नेमके इथेच घसरतात, ‘लॅक्टेट बनवल्याने ऊर्जा मिळते’ असं लिहून येतात.

लॅक्टेटची बदनामीही थांबायला हवी. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टेटमुळे नव्हे. ते साधारण तासाभरात रक्तातून जवळजवळ निघून गेलेलं असतं. दुखणं स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं असतं. हृदयाचा स्नायू तर लॅक्टेट आनंदाने जाळतो, आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं, फक्त त्यासाठी सहा एटीपीच्या तोडीचा खर्च करतं. स्नायूने दोन मिळवले त्याचे सहा यकृताने भरले. तरीही व्यवहार फायद्याचा आहे, कारण स्नायूला ते दोन त्या क्षणी हवे असतात. तांबड्या पेशींना तर दुसरा पर्यायच नाही. ऑक्सिजन जिथे वापरला जातो त्या तंतुकणिका त्यांच्यात नसतात. ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी स्वतः मात्र तो न वापरता, प्रत्येक ग्लुकोजमागे फार तर दोन एटीपीवर सुमारे १२० दिवस जगते. हे मला आजही विलक्षण वाटतं.

ऑक्सिजनची वाट खुली असली की पायरुवेट तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, शिरतं. दारातच पायरुवेट डिहायड्रोजिनेज हा मोठा एन्झाइमसमूह त्यातला एक कार्बन डायऑक्साइड म्हणून काढून टाकतो, दोन इलेक्ट्रॉन एनएडीला देतो आणि उरलेला दोन कार्बनचा गट कोएन्झाइम ए या वाहकाकडे सोपवतो. या समूहाला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१ लागतं. दीर्घ कुपोषण, सततच्या उलट्या किंवा दारूचं व्यसन यांमुळे थायमिन संपत आलेल्या रुग्णाला नुसतं ग्लुकोज भराभर चढवलं, तर पायरुवेट या दारापाशी तुंबतं, लॅक्टेट वाढतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजसोबत थायमिन द्यायचंच. साखर फार खाली असेल तर ग्लुकोजही अडवून धरायचं नाही. दोन्ही बरोबर द्यायची. जीवरसायनशास्त्र ‘पाठांतराचा विषय’ म्हणून सोडून देणाऱ्यांना मी ही एक पायरी तरी नीट समजून घ्यायला लावते.

हा दोन कार्बनचा गट पुढे ज्या चक्राकार साखळीत शिरतो ते क्रेब्ज चक्र बहुतेकांच्या मनात भीती म्हणून राहिलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या मागासाठी त्यातली आम्लांची नावं लागतही नाहीत. १९३७ मध्ये हान्स क्रेब्ज आणि विल्यम जॉन्सन यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून ते मांडलं. चिमूटभर सायट्रेट घातलं की स्नायू त्या सायट्रेटच्या ऑक्सिडीकरणाला पुरेल त्याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन वापरायचा. याचा अर्थ सायट्रेट खर्चून संपत नव्हतं, पुन्हा पुन्हा तयार होत होतं. दोन कार्बन आत येतात, दोन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात आणि चार जोड्या इलेक्ट्रॉन काढून घेतल्या जातात: तीन एनएडीवर, एक एफएडी या दुसऱ्या वाहकावर. सोबत एटीपीच्या तोडीचा एक रेणू.

आता इलेक्ट्रॉनचा ताळा करू. एका ग्लुकोजमागे ग्लायकोलायसिसमधून २ एनएडीएच, पायरुवेटच्या दारात २, चक्राच्या दोन फेऱ्यांतून (पायरुवेट दोन असतात) ६, एकूण १०. शिवाय एफएडीएचटू, म्हणजे इलेक्ट्रॉन उचललेला एफएडी, २. प्रत्येकावर दोन, म्हणजे २४ इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन पाणी होतो, म्हणून सहा रेणूंना लागतात २४. बरोबर जुळलं. पण ग्लुकोजमध्ये हायड्रोजनचे अणू तर १२ च! उरलेले १२ पाण्याचे: वाटेत एकूण सहा पाण्याचे रेणू या साखळीत ओढले जातात आणि त्यांचा ऑक्सिजन कार्बनला चिकटतो. यातून निघणारी गोष्ट ऐकून बहुतेकांच्या भुवया उंचावतात. पेशीत तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आपण श्वासात घेतलेला नसतो. तो साखरेतून आणि पाण्यातून आलेला असतो. श्वासातल्या ऑक्सिजनचं होतं पाणी. कार्बन डायऑक्साइड सगळा बाहेर पडला तरी ऑक्सिजनचा एकही रेणू अजून खर्ची पडलेला नाही, आणि २८७० किलोज्यूलपैकी बहुतांश ऊर्जा अजून त्या २४ इलेक्ट्रॉनकडेच आहे.

ती मोकळी होते तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात. तिथे प्रथिनांचे मोठे संकुल ओळीने काम करतात आणि एनएडीएचकडचे इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उतरत ऑक्सिजनपर्यंत जातात. एनएडीएच आणि ऑक्सिजन यांच्यातलं अंतर १.१४ व्होल्टचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एका जोडीमागे मोलला सुमारे २२० किलोज्यूल. ही ऊर्जा वापरून ते संकुल प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, आतून बाहेर ढकलतात: पहिला चार, तिसरा चार, चौथा दोन. दुसरा संकुल एफएडीकडचे इलेक्ट्रॉन आत घेतो, पण प्रोटॉन ढकलत नाही. म्हणून त्या जोडीमागे दहाऐवजी सहाच प्रोटॉन मिळतात.

इथे एटीपी नेमकं बनतं कसं, यावर अनेक वर्षं संशोधक अडले होते. अल्डिहाइडच्या पायरीसारखाच एखादा फॉस्फेट लागलेला मधला रेणू इथेही असणार असं गृहीत धरून सगळे तो शोधत होते. तो सापडेना. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितलं की असा रेणू नाहीच. पडद्याच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक हाच मधला दुवा. धरणात अडवलेलं पाणी खाली सोडून जनित्र फिरवावं तसंच हे. सुरुवातीला फार थोड्यांनी मानलं. मला सगळ्यात पटणारा पुरावा वाटतो तो १९७४ चा. एफ्रैम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी कृत्रिम मेदपडद्याच्या फुग्यांत दोनच प्रथिनं बसवली: मिठागरात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचा, उजेड पडला की प्रोटॉन ढकलणारा पंप, आणि गाईच्या हृदयातला एटीपी सिंथेज, म्हणजे एटीपी बनवणारा एन्झाइम. उजेड पाडला आणि एटीपी तयार झालं. इलेक्ट्रॉनची साखळी नाही, कुठला मधला रेणू नाही. या दोन प्रथिनांची निसर्गात कधी गाठही पडलेली नाही. दोघांमध्ये समान होता तो फक्त प्रोटॉनचा फरक. मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

या फरकाची ताकद आकड्यात बघा. पडद्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब सुमारे १५० मिलिव्होल्ट, ऐकायला किरकोळ. पण पडद्याची जाडी ५ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे मीटरला तीन कोटी व्होल्ट! हा दाब प्रोटॉनना एटीपी सिंथेजमधून आत ढकलतो आणि त्या प्रथिनाचा एक भाग खरोखर गोल फिरतो. पॉल बॉयर यांनी हे फिरणं तर्काने मांडलं, जॉन वॉकर यांनी रचना दाखवली. दोघांनाही १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलात वाटा मिळाला. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी या प्रथिनाच्या दांड्याला अॅक्टिन या प्रथिनाचा चमकणारा धागा जोडून तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्यांनी एटीपी देऊन तो उलटा चालवला होता, पण फिरण्याबद्दल शंका उरली नाही.

यंत्र कळलं की पुस्तकांतल्या आकड्यांचं कोडंही सुटतं. सस्तन प्राण्यांत एटीपी सिंथेजच्या या फिरणाऱ्या चक्रात आठ घटक असतात. एका फेरीला आठ प्रोटॉन आत येतात आणि तीन एटीपी बनतात. शिवाय प्रत्येक एटीपीमागे फॉस्फेट आत आणायला आणखी एक प्रोटॉन खर्च होतो. म्हणजे एटीपीला पावणेचारच्या आसपास. पुस्तकं सोयीसाठी चार धरतात. एनएडीएचचे दहा प्रोटॉन भागिले चार म्हणजे अडीच एटीपी, एफएडीएचटूचे सहा भागिले चार म्हणजे दीड. दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएचटूचे ३, आणि थेट मिळालेले ४, एकूण ३२. पेशीद्रवातल्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत न्यायला काही ऊती स्वस्त वाट वापरतात. ते एफएडीच्या पातळीवर उतरतात आणि बेरीज ३० होते. जुन्या पुस्तकांनी अडीचऐवजी तीन आणि दीडऐवजी दोन असे पूर्णांक धरले होते, म्हणून त्यांची बेरीज ३८ किंवा ३६. ‘अर्धं एटीपी कसं बनेल?’ असं विचारलं जातं. बनत नाही, ही चक्राच्या अनेक फेऱ्यांची सरासरी आहे. प्रत्यक्षात काही प्रोटॉन पडद्यातून असेच झिरपतात, त्यामुळे ३० ते ३२ ही वरची मर्यादा समजा. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाचा आकडा लिहा, पण तो कोणत्या गृहीतावर आला ते एका ओळीत नोंदवा.

ऑक्सिजन लागतो तो इथे, साखळीच्या अगदी टोकाला, चौथ्या संकुलात. तो मिळाला नाही तर शेवटचा संकुल इलेक्ट्रॉन धरून बसतो, मग त्याच्या आधीचा, मग एनएडीएच रिकामे होत नाहीत आणि क्रेब्ज चक्रही थांबतं, जरी त्यात ऑक्सिजन थेट कुठेच लागत नाही. सायनाइड याच जागी बसतं. अशा रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, तो पेशींना वापरता येत नाही. म्हणून नीलेतलं रक्तही धमनीतल्यासारखं लालभडक दिसू शकतं आणि लॅक्टेट झपाट्याने चढतं.

उलट बाजूही आहे. डायनायट्रोफिनॉल हे रसायन प्रोटॉनना पडद्यातून आडवाटेने आत आणतं. इलेक्ट्रॉन सुसाट धावतात, ऑक्सिजन खर्च होतो, एटीपी मात्र बनत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन घटवायला सर्रास विकलं गेलं. माणसं ताप चढून दगावली, अनेकांना मोतीबिंदू झाले, आणि १९३८ मध्ये ते माणसांनी घेण्यास अयोग्य ठरवलं गेलं. आजही ते चोरून विकलं जातं आणि जीव घेतं. कुणी सुचवलं तर हातही लावू नका. हीच युक्ती तान्ह्या बाळाचं शरीर सुरक्षितपणे वापरतं: तपकिरी मेदाच्या पेशींत प्रोटॉनसाठी नियंत्रित आडवाट असते आणि बाळ न कुडकुडता ऊब धरतं.

उरला शेवटचा प्रश्न, थकल्यावर साखर खाण्याचा. ही सगळी साखळी कशाने धावते ते पाहिलं की उत्तर मिळतं. एटीपी सिंथेजला फिरायला एडीपी लागतो. पेशी काम करत नसेल तर एटीपी खर्च होत नाही, एडीपी तयार होत नाही, सिंथेजचं चक्र मंदावतं, प्रोटॉनचा दाब तुंबतो आणि त्या दाबाविरुद्ध इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत. वर ग्लायकोलायसिसमध्ये भरपूर एटीपी फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला दाबून ठेवतं; एटीपी घटून एएमपी (दोन फॉस्फेट तुटल्यावर उरलेला रेणू) वाढला की तोच एन्झाइम जागा होतो. म्हणजे किती साखर जाळायची हे ठरतं पेशीच्या खर्चावरून, ताटात किती आली त्यावरून नाही. रक्तातली साखर ठीक असताना वरून ग्लुकोज घेतलं तर ते आधी ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचे रेणू जोडून केलेला साठा, म्हणून ठेवलं जातं, आणि हे नेहमीचंच झालं तर उरलेल्याचा मेद होतो. दिवसभराच्या कामाने आलेला शीण साखरेच्या टंचाईचा क्वचितच असतो.

दोन ठिकाणी मात्र साखर खरोखर कामाची. दीड-दोन तासांहून लांबलेल्या जोरकस व्यायामात स्नायूंतलं ग्लायकोजेन उतरत जातं, तिथे मधूनमधून घेतलेली साखर वेग टिकवते. आणि दुसरं, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळे रक्तातली साखर खाली घसरली तर. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण विश्रांतीतल्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के एकटा वापरतो, आणि त्याच्याकडे स्वतःचा साठा नसल्यातच जमा असतो. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्या, १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजा आणि अजून खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. तिथे शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉन या रक्तातली साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन लागतं.